गाव एकीकडे, स्टेशन दुसरीकडे: गोव्यात चार दिवस

दिवस पहिला: थिवी

डोंबिवलीत स्टेशन शोधावं लागत नाही. सकाळी गर्दी ज्या दिशेला वाहते तिकडे ते असतं. थिवीला कोकणकन्येतून उतरलो तेव्हा उलटा प्रकार झाला. माझ्याबरोबर उतरलेली तीस-चाळीस माणसं पाच मिनिटांत कुठे गेली कळलंच नाही, आणि लांबलचक फलाटावर मी, एक कुत्रा आणि भिंतीला टेकून उभे असलेले मामा एवढेच उरलो.

"गाव कुठाय?" मी विचारलं.

"कसलं गाव? हें स्टेशन," मामा म्हणाले.

म्हापसा इथून दहा-अकरा किलोमीटर. मामांनी ओळखीची रिक्षा आणली होती म्हणून बरं. नाहीतर इथे टॅक्सीवाल्याशी घासाघीस, किंवा मग पायलट. पायलट म्हणजे मोटरसायकलवर मागे बसवून नेणारा; पिवळा मडगार्ड ही त्याची खूण. पाठीवर सॅक, मांडीवर पिशवी अशा अवस्थेत पायलटमागे बसणं हे धाडस मी पुढच्या दिवसांसाठी राखून ठेवलं.

या खेपेला समुद्र, देवळं, चर्च यांपैकी काहीच पाहायचं नव्हतं. गोव्याची स्टेशनं पाहायची होती. घरी हे सांगितल्यावर बायकोने "डोंबिवलीत रोज पाहतोस ते पुरत नाही का?" असं विचारलं होतं. पण मामा अख्खी नोकरी म्हापसा ते वास्को येजा करून बंदरात काढलेला माणूस. त्यांना हे वेड लगेच पटलं.

येताना पेडण्याचा बोगदा झोपेत जाऊ नये म्हणून जागा राहिलो होतो. बोगदा जेमतेम दीड किलोमीटरचा. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा आहे, पण तिथे कठीण कातळ होता. फोडला की फुटतो आणि फुटल्यावर जागेवर राहतो. पेडण्याला पाण्याने भिजलेली मऊ माती. जेवढी काढावी तेवढी वरून खाली येणार. हा छोटासा बोगदा सहा वर्षं चालला आणि त्यात माणसंही गेली. बाकीचा मार्ग तयार होऊन या एका भोकासाठी थांबला होता. शेवटी २६ जानेवारी १९९८ ला रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत गाडी सलग धावली. माती मात्र अजून विसरलेली नाही. ऑगस्ट २०२० मध्ये बोगद्याची भिंत ढासळली, जुलै २०२४ मध्ये आत पाणी शिरलं, दोन्ही वेळा वाहतूक थांबली.

संध्याकाळी मामीने पातळ भाजी आणि उंडे, म्हणजे इथले गोल पाव, दिले. स्टेशन गावाबाहेर का, हा प्रश्न मी जेवतानाही सोडला नाही. मामांनी कागदावर गोवा काढला. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला डोंगर, मध्ये नद्या. गावं आणि शेती सगळी नद्यांच्या मुखाकडच्या सखल पट्ट्यात, आणि तिथेच खाजनं. खाजन म्हणजे खाडीकाठची जमीन बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली; भरती-ओहोटीप्रमाणे उघडमीट करणारी मानस, म्हणजे पाण्याचा दरवाजा, असते, आत भात आणि मासे दोन्ही निघतात. हे बांध शतकानुशतकांचे. त्यातून रेल्वेचा भराव गेला तर पाण्याची वाट बदलणार, जुन्या गोव्याच्या चर्चेसना धोका होणार, म्हणून १९९० नंतर गोव्यात मोठं आंदोलन झालं. मार्ग आतल्या बाजूला, डोंगराकडे न्या, अशी मागणी होती. १९९३ मध्ये काम थांबवून न्यायमूर्ती ओझा यांचा एकसदस्यीय आयोग नेमला गेला. शेवटी मार्ग बराचसा आधी ठरला होता तसाच राहिला.

"तेव्हा तुम्ही कुठल्या बाजूला होता?" मी विचारलं.

"मी वास्कोच्या बसमध्ये होतो," मामा म्हणाले. "उभा."

दिवस दुसरा: करमळी, पणजी, वास्को

आजची चूक सर्वस्वी माझी. पणजीला स्टेशन नाही, जवळचं करमळी, एवढं वाचून मी ठरवलं की थिवीहून गाडीने करमळीला जाऊ आणि तिथून चालत चालत राजधानीत शिरू. मामांनी चहाचा पेला खाली ठेवून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "चल. एकदा कळू दे."

मांडवीवरून गाडी जाते तेव्हा दोन्ही हातांना खारफुटी आणि पाणी दिसतं, आणि क्षणभर वाटतं की आता शहर येणार. येतं ते करमळीचं तळं. हिवाळ्यात इथे स्थलांतरित पक्षी येतात. आम्हाला पाणकोंबड्या आणि बगळे दिसले. तळ्याकाठी स्टेशन. सुरेख. पण पणजी बारा किलोमीटर! राजधानीच्या शहरासाठी असलेल्या स्टेशनातून बाहेर पडल्यावर समोर तळं असतं हे मला डोंबिवलीत सांगून कोणी खरं मानणार नाही. भर उन्हात जुन्या गोव्याच्या रस्त्यापर्यंत चाललो, तिथून बस पकडली. मामा वाटेत एकदाही "मी सांगत होतो" असं म्हणाले नाहीत. ते जास्त लागलं.

पणजीच्या कदंब स्टँडवर आलो आणि माझा मूड सुधारला, कारण इथे मला गोव्याची खरी लोकल सापडली. शटल. पणजी-मडगाव, पणजी-वास्को, पणजी-म्हापसा. खिडकीवर तिकीट काढायचं, रांगेत उभं राहायचं, बस भरली की निघते, वाटेत थांबा नाही. कंडक्टर लोंबकळत नाही, सुट्ट्यांची भानगड नाही, पुढची बस मागे लागलेलीच असते. ठराविक जागा, ठराविक रांग, आधी तिकीट आणि सतत येणारी गाडी: मेट्रोच्या स्टेशनात आणखी वेगळं काय असतं? रूळ तेवढे नाहीत. मामा हे ऐकून खुश झाले. "पंचवीस वर्षं मी मेट्रोनेच गेलो म्हण की."

शटलने वास्कोला पोचलो, आणि पहिल्यांदा एक स्टेशन मला ओळखीचं वाटलं. बाहेर पाऊल टाकलं की बाजार. मासळी, कपडे, मोबाइलची दुकानं, भजीचा वास. हे स्टेशन गावात आहे असं म्हणणं तितकंसं बरोबर नाही; बंदर आणि रेल्वे आली म्हणून हे गाव एवढं वाढलं.

याची गोष्ट मामांनी मुरगावच्या टेकडीवर, बंदराकडे तोंड करून सांगितली. २६ डिसेंबर १८७८ ला इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला. गोव्याला मुरगावचं नैसर्गिक बंदर होतं पण पाठीमागे माल पुरवणारा मुलूख नव्हता. इंग्रजांकडे हुबळी-धारवाडचा मुलूख होता. मध्ये सह्याद्री. तेव्हा घाट चढून जाणारी रेल्वे बांधायची ठरली. बदल्यात गोव्याच्या मिठावर आणि अबकारीवर इंग्रजांचा ताबा, आणि पोर्तुगालला वर्षाला चार लाख रुपये. पैसा लंडनच्या कंपनीचा, हमी पोर्तुगीज सरकारची, रूळ मीटर गेज, म्हणजे एकमेकांपासून मीटरभर अंतरावरचे. १८८७ मध्ये मुरगावहून सावर्ड्यापर्यंत गाडी सुरू झाली, १८८८ मध्ये घाट चढून कॅसलरॉकपर्यंत.

"मिठागरवाल्यांचं काय झालं?"

"काय होणार? रेल्वे आली आणि मीठ गेलं." मामांनी हात झटकले. करार १८९२ मध्ये संपला, रेल्वे राहिली. तिच्यावरून अपेक्षेएवढा माल काही बंदरात आला नाही, पण गोव्यातली माणसं मात्र तिच्यावरून मुंबईला भरपूर गेली.

रात्री मामांच्या जुन्या सहकाऱ्याकडे मुक्काम. जाताना दामोदराच्या देवळावरून गेलो. १८९८ च्या साथीत इथे अखंड भजनाचा सप्ताह सुरू झाला तो आजही श्रावणात होतो. रेल्वे आल्यानंतर दहाच वर्षांनी. त्या दहा वर्षांत या गावात किती माणसं, किती माल आणि किती रोग गाडीतून उतरले असतील असं मनात आलं, पण यजमानांसमोर बोललो नाही. ते सप्ताहाबद्दल फार प्रेमाने सांगत होते.

दिवस तिसरा: घाट

सकाळची हुबळीकडची गाडी. मामांनी खिडकी आधीच पकडली होती आणि ती शेवटपर्यंत सोडली नाही. दाबोळी, सांकवाळ, कांसावली, माजोर्डे. माजोर्ड्याला वास्कोचा फाटा कोकण रेल्वेला भेटतो. मडगाव सोडलं की पुन्हा जुनी वाट: चांदर, सावर्डे, काले, कुळे.

चांदरला रुळांशेजारी दुसऱ्या रुळाच्या तयारीच्या खुणा दिसल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये इथे लोक मध्यरात्री रुळांवर येऊन बसले होते. दुसरा रूळ आमच्यासाठी नाही, बंदरातून वर जाणाऱ्या कोळशासाठी आहे, असं त्यांचं म्हणणं. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घाटातल्या दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी रद्द केली. पोर्तुगीजांची गाडी बंदरासाठी, आणि सव्वाशे वर्षांनंतरही भांडण तेच: गाडी कोणासाठी?

कुळ्याला गाडी बराच वेळ थांबते. मागे जादा इंजिनं लागतात. पुढे कॅसलरॉकपर्यंतचा सव्वीस किलोमीटरचा घाट, चढ सदतिसाला एक. म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की गाडी एक मीटर वर. रस्त्याला हे काहीच नाही, पण लोखंडावर लोखंड घासत हजार टन वर न्यायचे तर मागून ढकलायला कोणीतरी लागतं.

कुळ्याचं स्टेशन हे माझ्या मते गोव्यातलं सगळ्यात मोठ्या इतिहासाचं आणि सगळ्यात कमी मिरवणारं ठिकाण. पोर्तुगीज काळात जकातीची तपासणी इथे होई. पलीकडे कॅसलरॉकला इंग्रजांची. म्हणजे मुंबईहून गणपतीला येणाऱ्या गोवेकराने पेटी दोनदा उघडायची. मामांच्या आजोबांनी एकदा नवं धोतर जकात टाळण्यासाठी नेसत्या धोतरावरून नेसून आणल्याची कथा आमच्या घरात आहे. कितपत खरी ते देव जाणे. १८ जून १९४६ ला मडगावात सभा घेणाऱ्या राममनोहर लोहियांना पोर्तुगीजांनी हद्दीबाहेर काढलं. ते सप्टेंबरअखेर परत आले, तेव्हा त्यांना याच कुळे स्टेशनवर पकडलं आणि आग्वादच्या तुरुंगात टाकलं. १९५५ मध्ये भारताने नाकेबंदी केल्यावर ही वाटच बंद पडली, ती गोवा मुक्त झाल्यावर खुली झाली. मीटर गेजचं ब्रॉड गेज झालं १९९० च्या दशकात.

दूधसागराबद्दल काय लिहू. ३१० मीटरवरून पाणी येतं आणि रेल्वेचा पूल त्याच्या पोटातून जातो. गाडी हळू झाली, डब्यातले सगळे एका बाजूला धावले, खिडकी मामांची असल्याने मला मामांचा कान आणि धबधब्याचा वरचा तिसरा हिस्सा दिसला. रुळांवरून चालत इथे येण्याला आता बंदी आहे. २०२३ च्या जुलैत काही ट्रेकरांना रेल्वे पोलिसांनी रुळाशेजारी उठाबशा काढायला लावल्या होत्या, ते चित्र सगळ्यांनी पाहिलंच असेल.

कॅसलरॉकला चहा प्यायलो, दुपारच्या गाडीने उतरलो. उतरताना निघण्याआधी ब्रेक नीट तपासतात. चढताना ताकद लागते, उतरताना धीर.

दिवस चौथा: मडगाव

ज्यासाठी आलो होतो ते आज. गोव्यात एकेकाळी शहरी मेट्रो होणार होती, तिची चाचणी इथे मडगावात झाली होती, आणि ती वरून लटकणारी होती.

स्कायबस. ही कल्पना कोकण रेल्वेचे तेव्हाचे व्यवस्थापकीय संचालक बी. राजाराम यांची. शहरात मेट्रो न्यायची तर एकतर जमिनीखाली खणा किंवा घरं पाडून जागा करा, दोन्ही महाग. राजाराम म्हणाले, रस्ता आहेच की. दुभाजकात खांब उभे करा. खांबांवर काँक्रीटची पोकळ पेटी आडवी टाका, तिच्या आत रूळ. चाकं पेटीच्या आत धावतील आणि डबा पेटीच्या तळातल्या फटीतून खाली लोंबेल. चाकं पेटीत बंद, म्हणजे गाडी घसरून पडायची भीती नाही. स्टेशनही रस्त्याच्या वरच, त्यामुळे वेगळी जमीन नको. मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. थिवी आणि करमळी गावाबाहेर गेली ती जमीन आणि चढउतार यांच्या हिशेबामुळे. इथे स्टेशन माणसाच्या डोक्यावर येणार होतं, बाजाराच्या चौकात.

कल्पना अगदीच नवी नव्हती. जर्मनीत वुपरटाल नावाच्या गावी १९०१ पासून अशी लटकती गाडी धावते. दरी अरुंद, रस्त्याला जागा नाही, म्हणून नदीच्याच वर रूळ टाकले. तेरा किलोमीटर, वीस स्टेशनं. १९५० मध्ये सर्कसच्या जाहिरातीसाठी हत्तीचं पिल्लू डब्यात चढवलं, ते बिथरलं आणि सरळ नदीत पडलं. वाचलं. हे मी मामांना सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं मी बनवतोय.

२००३ च्या सुरुवातीला पंतप्रधान वाजपेयींनी नवीन वर्षाची भेट म्हणून गोव्याला स्कायबस जाहीर केली. पहिला टप्पा म्हापसा ते पणजी, साडेदहा किलोमीटर. मामांचा तो रोजचा पहिला बस-टप्पा. त्यांनी तेव्हा वहीत हिशेब केला होता: रोज किती मिनिटं वाचतील, महिन्याला किती तास, आणि निवृत्तीपर्यंत एकूण किती दिवस. ती वही आता कुठे आहे ते त्यांना आठवत नाही, किंवा सांगायचं नाही.

चाचणीसाठी मडगावात १.६ किलोमीटरचा मार्ग उभा राहिला. मामा रविवारी तो बघायला जात. "खांब बघायला जायचास तू?" मामी आजही चिडवते.

२५ सप्टेंबर २००४ ला चाचणी चालू असताना अपघात झाला. कोकण रेल्वेचा एक कर्मचारी गेला, तिघे जखमी झाले. त्यानंतर हे प्रकरण पुढे सरकलं नाही. खांब आणि पेटी वर्षानुवर्षं तशीच उभी होती, मडगावला येणारा-जाणारा बोट दाखवून विचारायचा. २०१३ मध्ये कोकण रेल्वेने प्रकल्प गुंडाळला आणि सांगाडा उतरवला.

लटकत्या गाडीची खरी परीक्षा मला वाटतं वेगात कमी आणि थांबण्यात जास्त असते. जमिनीवरची गाडी रुळांवर बसलेली असते. वरून टांगलेली वस्तू झोपाळ्यासारखी हलणारच. वळणावर हे बरंच असतं, डबा आपोआप बाहेर झुकतो आणि आतला माणूस सरळ उभा राहतो. पण खांबाजवळून जाताना आणि फलाटाशी येताना तेच हलणं घातक. म्हणून अशा गाडीत स्टेशनचा आराखडा नुसता जिना आणि छप्पर यांचा नसतो. डब्याला फलाटाशी धरून ठेवण्याचा असतो. म्हापसा-पणजी मार्गावर ते कसं केलं असतं, ते आता कागदावरच.

आम्ही सकाळपासून त्या मार्गाच्या खुणा शोधल्या. मामा ठामपणे एका वळणावर थांबले. "इथून सुरू." मग म्हणाले, "नाही, पुढे." मग एका रिक्षावाल्याला विचारलं. तो पंचविशीतला पोरगा, म्हणाला, "स्कायवॉक? तो स्टेशनात." मामांनी पुढे विचारलं नाही.

मग आम्ही शहरातल्या जुन्या स्टेशनाकडे गेलो. मीटर गेजच्या दिवसांत मडगावला उतरलेला माणूस इथे उतरे आणि पायी बाजारात जाई. नवं जंक्शन मोठं, देखणं, मुंबईहून वंदे भारतसुद्धा २०२३ पासून तिथे येते. पण भाजीची पिशवी घेऊन चालत जायचं ते स्टेशन नव्हे. मामांनी इथे बाकड्यावर बसून रॉस ऑम्लेट मागवलं, ते गाड्यावर मिळालं नाही, मग आम्ही भजी-पाव खाल्ला.

संध्याकाळी माझी परतीची कोकणकन्या. मामांना म्हटलं, तुम्हीही थिवीपर्यंत याच गाडीने चला की, तासाभराचा तर प्रश्न.

"आणि रात्री थिवीला उतरून म्हापशाला जाऊ कशाने? तिथे कुत्रा सोडून कोण असतो?" त्यांनी पिशवी उचलली. "मी शटल धरतो. मडगाव-पणजी, पणजी-म्हापसा. आहे आपली मेट्रो."

गाडी वेळेवर निघाली. वेर्णे, मग जुवारी, करमळीचं तळं अंधारात नुसतं चमकलं, मांडवी. थिवीला गाडी थांबली तेव्हा फलाटावर आठ-दहा माणसं होती आणि कुत्रा तोच होता की दुसरा ते दिसलं नाही. तेवढ्यात मामांचा फोन.

"कुठे पोचलास?"

"थिवी. तुम्ही?"

"पर्वरी." मागे हॉर्न वाजत होते. पर्वरीला महामार्गावर मोटारींसाठी उड्डाणमार्गाचं काम चालू आहे; दुभाजकाच्या जागी खांबांची रांगच्या रांग उभी राहिली आहे. "बस हालत नाही. बसलोय खांब मोजत."

"किती झाले?"

"सतरा," मामा म्हणाले. "अगदी तसेच आहेत रे."